मदत हवी आहे: सोळा तासांच्या विमानात शेजाऱ्यांना आवरायचं कसं?

मंडळी, पुढच्या महिन्यात आई एकटीच मुंबईहून अमेरिकेत नेवार्कला माझ्याकडे येतेय. थेट विमान, जवळपास सोळा तास. गेल्या खेपेला मी सोबत होते तरी हाल झाले. मागच्या रांगेतल्या तिघा मित्रांनी इकॉनॉमीत मैफलच मांडली होती. मोबाईलवर मोठ्याने रील, आईच्या सीटला गुडघे, आणि दर अर्ध्या तासाने 'और एक'! लहान बाळ रडलं तर माझी तक्रार नसते, त्याचे कान दुखतात बिचाऱ्याचे. पण हे घोडे?

एअर होस्टेसला सांगितल्यावर तिने त्यांची दारू थांबवली, पण सीट बदलायला जागाच नव्हती. डीजीसीएच्या (आपल्याकडची विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१७ च्या नियमांत शाब्दिक त्रास देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी आहे म्हणे, पण नुसत्या गोंगाटासाठी एवढं कोण करतं!

आई भिडस्त आहे, इंग्रजी जेमतेम. तिने बेल दाबून नेमकं काय सांगावं? आधीच कुठली सीट घ्यावी? शौचालयाजवळची नको, तिथे रात्रभर रांग असते. आणि इअरप्लग तिला टोचतात, दुसरं काही आहे का? अनुभव असेल त्यांनी सांगा प्लीज.