कॅलेथियाची टोकं करपतायत, आरओचं पाणी सुरू करू का?

घोडबंदरची_बाल्कनी: ६ इंची कुंडीत कॅलेथिया ऑर्बिफोलिया आहे, शेजारी मरांटा आणि स्पायडर प्लांट. तिघांचीही टोकं तपकिरी झालीत, कॅलेथियाच्या तर कडाही. मातीवर पांढरट थर आलाय. रोज सकाळी अर्धा कप पाणी घालते, तेही रात्रभर बादलीत ठेवलेलं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर नळाचं पाणी ३८०, आरओचं ३५. सोसायटीत पालिकेचं आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं. खत म्हणून अधूनमधून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश). आरओचं पाणी सुरू करू का? आणि आरओतून वाया जाणारं पाणी चालेल का? रोज बादलीभर जातं.

पोयटा: वाया जाणारं पाणी या तीन झाडांना अजिबात नको. आरओ क्षार नाहीसे करत नाही, ते त्या बादलीत ढकलतो. तुमचं ३८० असेल तर बादलीतलं ५००च्या वर निघेल, मोजून बघा. लादी पुसायला उत्तम.

पण पाण्याआधी तो अर्धा कप बंद करा. खरी गोम तिथे आहे. ३८० टीडीएस म्हणजे लिटरमागे ३८० मिलिग्रॅम क्षार. रोजच्या १०० मिलीतून महिन्याला ग्रॅमभराहून जास्त क्षार जेमतेम दोन लिटर मातीत जातात. झाड पाणी पितं, क्षार बहुतेक मागेच राहतात, आणि खालून थेंबही निघत नसल्याने त्यांना बाहेर पडायला वाट नाही. पांढरा थर त्याचाच. रात्रभर ठेवल्याने क्लोरीन उडतो, क्षार जात नाहीत. उकळूनही फक्त थोडा चुना तळाशी बसतो.

आता एकदा कुंडी धुवून काढा. वरचा अर्धा इंच थर खरवडून टाका. कुंडी मोरीत ठेवून आरओचं ६ लिटर पाणी तीन हप्त्यांत, मध्ये दहा-दहा मिनिटं थांबून, हळूहळू ओता. खालून निघणाऱ्या पहिल्या पाण्याचा टीडीएस घ्या आणि शेवटच्याचाही. पहिला हजाराच्या वर दिसला तर नवल नाही. शेवटचा ५००च्या खाली येईपर्यंत ओता. पाणी वरच तुंबत असेल तर धुणं थांबवा. अशा वेळी माती बदलणंच बरं, नाहीतर मुळं कुजतील.

पुढे वरचा इंचभर भाग कोरडा झाल्यावरच पाणी द्या, पण दिलं की दिलेल्यातलं १० ते २० टक्के खालून निघेल इतकं द्या. ताटलीतलं पाणी पंधरा मिनिटांत ओतून टाका, नाहीतर धुतलेले क्षार परत वर चढतात.

नेरुळ_नर्सरीप्रेमी: टीडीएसचा आकडा क्षार किती ते सांगतो, कुठले ते नाही. पंपरूममध्ये सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) आहे का? तिथे मिठाच्या गोणी दिसतात का, तेवढं बघा. इथे नेरुळला मोरबे धरणाचं पाणी थेट येतं, त्यामुळे आरओचा खटाटोप सहसा लागत नाही. घोडबंदरला टँकर आणि बोअर आले की हिशोब बदलतो.

घोडबंदरची_बाल्कनी: वॉचमनकाकांना विचारलं. सॉफ्टनर आहे, आणि गोण्याही आहेत.

पोयटा: मग नळाचं पाणी या तिघांना पूर्ण बंद. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, साबणाला फेस छान येतो, झाडाला मात्र ते बोअरच्या पाण्यापेक्षा वाईट. सॉफ्टनर नसता तर एक भाग नळाचं आणि दोन भाग आरओचं असं मिसळून १५०पर्यंत आणता आलं असतं. इथे आरओच वापरा, किंवा सॉफ्टनरच्या आधीच्या पालिकेच्या लाइनवर नळ असेल तर तिथून कॅन भरून आणा.

नुसत्या आरओत कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नसतं आणि १९:१९:१९मध्येही नाही. म्हणून महिन्यातून एकदा लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, आणि पंधरा दिवसांनी लिटरला पाव ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट). घट्ट द्रावणं एकत्र करू नका, साका बसतो. १९:१९:१९ लिटरला पाव ग्रॅम पुरे, तेही कॅल्शियमच्या दिवशी नको. सुपर फॉस्फेट यांच्या कुंडीत घालू नका. त्यात फ्लोराइड असतं आणि स्पायडर प्लांटची टोकं त्यानेही करपतात.

हिरवी_खिडकी: हवेतल्या कोरडेपणाचं कुणीच बोललं नाही! कडा करपणं म्हणजे आर्द्रता कमी. रोज पानांवर फवारा मारा.

नेरुळ_नर्सरीप्रेमी: एसीच्या झोतात कुंडी असेल तर मान्य, ती हलवावी. पण जुलैत ठाण्याची हवा ओलीचिंब असताना टोकं करपत असतील तर कारण मातीतच शोधावं. फवाऱ्याने आर्द्रता काही मिनिटंच वाढते, आणि ३८०च्या पाण्याचा फवारा पानांवर पांढरे डाग ठेवून जातो. पावसाळ्यात कुंडी सुकायला दुप्पट दिवस लागतात, तेव्हा वार ठरवून पाणी घालू नका. कुंडी उचलून वजन बघा.

घोडबंदरची_बाल्कनी: एसीच्या नळीचं पाणी चालेल का? आणि पावसाचं?

पोयटा: दोन्ही चालतं, क्षार नगण्य. खताचा हिशोब आरओसारखाच. पावसाचं पाणी पहिल्या एक-दोन जोरदार सरींनंतर, छपरावरून न येता थेट आभाळातून पडणारं धरा. ड्रमला घट्ट झाकण हवं, डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच होतात. एसीचं पाणी ताजंच वापरा, शेवाळी वास आला तर ओतून द्या. सर्व्हिसिंगला कॉइलवर केमिकल मारलं असेल तर पुढचे दोन-तीन दिवस ते पाणी घेऊ नका.