हातदाब यंत्रावर मातीच्या विटा: चौघं असून दिवसाला २५०च का?

शिवार_लातूर:
१०० चौ.मी. भिंतीचं घर. वीट २३०×१९०×१०० मिमी, सिमेंट ७ टक्के. चौघं राबूनही २५०च्या वर जात नाही. कोपरे झडतात, गोणीतल्या शेवटच्या विटांचा तर नखाने खरवडलं तरी भुगा. मोटरचं यंत्र घ्यावं का?

मुरूमगडी:
नका घेऊ. १९ सेंमी भिंतीला चौ.मी.ला ३८ विटा, तूटफूट धरून ४,०००. तेवढ्यासाठी मोटर कशाला? माणसं दाबण्यात नाही, चाळण्यात आणि वाहण्यात अडकतात. माती कोरडी असतानाच ५ मिमीच्या तिरप्या जाळीवर चाळून झाकून ठेवा. ओलसर झाली की जाळी बुजते. यंत्र रचायच्या जागेशी लावा आणि थप्पी वाढेल तसं सरकवा. आठ किलोची वीट, रोज दोन टन हातातून जातात.

भुग्याचं कारण वेगळं. सिमेंटची अख्खी गोणी एकदम मातीत मिसळून भिजवता ना? तिच्या ९० विटा होतात, तुमच्या वेगाने तीन तास. तोवर सिमेंट ढिगातच धरू लागतं. पाव गोणीला १८० किलो माती घ्या, २२-२४ विटा पडतील. पाऊण तासात संपवा.

कच_आणि_चुना:
कोपऱ्यांचं: यंत्राचं झाकण लावण्याआधी साच्याचे चारही कोपरे बोटांनी दाबून भरा. पाणी कमी पडलं तर त्यानेही झडतात. कालवलेल्या मातीचा मूठभर गोळा छातीच्या उंचीवरून टाका: चार-पाच तुकडे झाले तर बरोबर, भुगा झाला तर कोरडं, चपटा झाला तर जास्त पाणी.
माती काळी आहे का? ती फुगते, आकसते, विटेला तडे जातात. शेताला राहू द्या, खालचा मुरूम घ्या.

शिवार_लातूर:
मुरूमच आहे, पण चिकट. कालवायला स्लॅबचा ड्रम मिक्सर चालेल?

मुरूमगडी:
नाही, ड्रममध्ये गोळ्या वळतात. पॅन मिक्सर (पसरट भांड्यात पाती फिरतात तो) भाड्याने मिळाला तर दोन माणसं सुटतील. नाहीतर फावड्याने: आधी कोरडंच दोनदा उलथा, मग झारीने पाणी.

कच_आणि_चुना:
चिकट असेल तर बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवा. मिनिटभरात बसलेल्या वाळूची खूण करा, उरलेलं दुसऱ्या दिवशी बघा. तळाशी बसलेल्या एकूण थरात वाळू दोन तृतीयांशाहून कमी भरली तर क्रशरची कच (दगडाचा बारीक चुरा) मिसळा. आणि विटा पहिले दोन दिवस प्लास्टिकखाली सावलीत, मग बारदान टाकून २८ दिवसांपर्यंत पाणी मारा. लातूरच्या उन्हात एक दुपार चुकली तरी वरचा थर वाया जातो.