‘ड्यूटी सायकल’ला मराठीत ‘कार्यचक्र’ म्हणावे का?

प्रश्न: डीसी मोटरचा वेग पल्स देऊन कमी-जास्त कसा करायचा, यावर टिपण लिहितोय. पीडब्ल्यूएमला (पल्स विड्थ मॉड्युलेशन) ‘स्पंदरुंदी नियमन’ घेतले. ड्यूटी सायकलला ‘कार्यचक्र’ चालेल?

उत्तर: नको. ‘चक्र’ वाचले की माणूस फेऱ्या मोजायला लागतो. इथे मोजायचे ते गुणोत्तर: एका आवर्तकालातला किती भाग पल्स चालू असते. १ मिलिसेकंदाच्या आवर्तकालात ०.३ चालू, ०.७ बंद, म्हणजे ३० टक्के. ‘चालू-प्रमाण’ म्हणा, अर्थ शब्दातच आहे. १२ व्होल्टच्या मोटरला तेव्हा सरासरी ३.६ व्होल्ट मिळतात. पण ‘३० टक्के चालू-प्रमाण म्हणजे ३० टक्के वेग’ असे लिहू नका. अगदी कमी प्रमाणावर मोटर नुसती गुणगुणते, कारण घर्षण मोडायला जोर पुरत नाही. आधी क्षणभर पूर्ण द्यायचे, फिरू लागली की खाली आणायचे.

दुसरे उत्तर: ‘चालू-प्रमाण’ला माझेही मत. वेल्डिंग मशिनवरही ड्यूटी सायकल छापलेली असते: ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे वेल्डिंग, चार मिनिटे थंड व्हायला. तिथेही हाच शब्द बसतो, फक्त आवर्तकाल दहा मिनिटांचा. आणि वेग-चाल ही पाठ्यपुस्तकातली फोड इथे नको, ‘फेरे प्रति मिनिट’ लिहिले की भागले.

तिसरे उत्तर: खरा घोळ ‘पल्स’ शब्दात आहे. डीसी मोटरला पल्सचे चालू-प्रमाण कळते, सर्वोला (सांगितलेल्या कोनावर थांबणारी मोटर) रुंदी (१ ते २ मिलिसेकंद, दर २० मिलिसेकंदांनी, १.५ म्हणजे मध्य), स्टेपरला (दर पल्सला एक पायरी फिरणारी मोटर) फक्त संख्या. आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाच्या ९ नंबर पिनवरून ॲनालॉगराइटचा (पीडब्ल्यूएम देणारी आज्ञा) सिग्नल स्टेपर ड्रायव्हरच्या स्टेप पिनला जोडून पाहा. २०० पायऱ्यांची मोटर पूर्ण पायरीवर मिनिटाला १४७ फेऱ्यांच्या आसपासच राहते, चालू-प्रमाण २५ टक्के करा नाहीतर ७५. कारण वारंवारता ४९० हर्ट्झच राहते. मिनिटाला ३०० फेरे हवे असतील तर सेकंदाला १००० पल्स द्यायला हव्यात, त्याही एकदम नाही. २००पासून चढवत न्या, नाहीतर पायऱ्या चुकतात आणि मोटर जागीच थरथरते.

प्रश्नकर्ता: आणि पल्सवर चालवताना डीसी मोटर शीळ घालते, त्याचे काय?

तिसरे उत्तर: तेच ४९० हर्ट्झ कानाला ऐकू येतात. २० किलोहर्ट्झच्या वर न्या. मात्र मग मोटरला समांतर लावलेला उलटा डायोड १एन४००७ असेल तर बदला, तो इतका चपळ नाही. छोट्या मोटरला १एन५८१९ शॉटकी लावा. मोटर चालू-बंद करणारा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आयआरएफ५४० असेल तर तो ५ व्होल्टवर पुरता उघडत नाही, तापतो. आयआरएलझेड४४एन घ्या, आणि त्याच्या गेटपासून (त्याला चालू-बंद करणारी पिन) ग्राउंडला १० किलोओहमचा रोध लावा, म्हणजे बोर्ड रीसेट होताना मोटर आपोआप सुटणार नाही. त्या डायोडला कोणी ‘मुक्तचक्र डायोड’ म्हणतात, तेही टाळा. पुन्हा चक्र आलेच.