नॅस्कारमध्ये चीटिंगचं एवढं कौतुक का असतं?

कॉन्कर्डकर
मंडळी एक शंका आहे. मी एफवन बघत मोठा झालेला माणूस, आता मुक्काम नॉर्थ कॅरोलिनात, नॅस्कारचा म्हणजे अमेरिकन स्टॉक कार रेसिंगचा शार्लट ट्रॅक घरापासून दहा मिनिटांवर, आणि ऑफिसात सोमवारी कालच्या रेसशिवाय दुसरा विषय नसतो. तर इथली जुनी मंडळी कोणी कुठली चीटिंग कशी केली हे असं रंगवून सांगतात जसं काही आजोबांनी वाघ मारला होता. स्मोकी युनिक म्हणून कोणी मेकॅनिक होता त्याचं नाव तर देवासारखं घेतात. आणि हेच लोक २०१३ चं रिचमंड किंवा २०२४ चं मार्टिन्सव्हिल काढलं की लालबुंद होतात, शिव्या सुरू. अरे पण चोरी ती चोरी ना? मग एकाला हार आणि दुसऱ्याला चपला असं का? आणि दुसरं म्हणजे नियम मोडलेला पकडला तरी जिंकलेली रेस त्याच्याच नावावर राहायची म्हणे, हे खरंय की मला येडा बनवतायत?

गॅरेजवाला_सांगली
खरंय सगळं. स्मोकीपासून सुरू करतो कारण माझा पण तो लाडका आहे. डेटोना बीचला त्याचं गॅरेज होतं. त्याचं तत्त्व सोपं, नियमाच्या पुस्तकात जे लिहिलंय ते पाळायचं आणि जे लिहिलेलंच नाही ते आपलं. टाकी केवढी पाहिजे ते पुस्तकात होतं, पण टाकीतून इंजिनपर्यंत जाणारा पाईप केवढा हवा ते नव्हतं. मग ह्या पठ्ठ्याने २ इंच जाडीचा ११ फुटी पाईप वेटोळे करून बसवला, म्हणजे पाईपच दुसरी टाकी. किस्सा असा सांगतात की १९६८ ला डेटोनात इन्स्पेक्टरांनी टाकी काढून तपासली, नऊ चुकांची यादी हातात ठेवली, आणि हा टाकी न बसवताच गाडी चालू करून निघाला, जाताना म्हणाला दहा करा. टाकीत बास्केटबॉल फुगवून ठेवायचा असंही सांगतात, तपासणीत टाकी बरोबर भरते, नंतर बॉलची हवा सोडली की जागा मोकळी.

आणि हा नुसता चोर नव्हता हो, गाडी पळायची. १९६७ च्या डेटोना ५०० ला, म्हणजे नॅस्कारच्या सगळ्यात मोठ्या रेसला, त्याची शेव्हेल गाडी कर्टिस टर्नरने पोलवर म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागेवर आणली, ताशी १८० मैलांच्या वर. त्यात मोठ्या कंपन्यांच्या टीम मागे पडल्या म्हणून लोकांना तो आवडतो, बाकी काही नाही.

डावीकडेच_वळा
गॅरेजवाले, पाईपमध्ये ५ गॅलन बसायचं असं सगळीकडे छापून आलंय, ते जरा कागदावर मांडून बघा. २ इंच व्यास, ११ फूट म्हणजे १३२ इंच, आकारमान आलं साधारण ४१५ घन इंच, गॅलन असतो २३१ घन इंचाचा. म्हणजे १.८ गॅलन झालं, जेमतेम पावणेसात लिटर. ५ गॅलन कुठून आलं? प्रत्येक पिढीने थोडं थोडं ओतलंय त्यात. पण गंमत बघा, पावणेसात लिटर पण डेटोनात दोन-तीन लॅप जास्तीचे देऊन जातं आणि तेवढ्यावर रेस फिरते, तेव्हा माणूस हुशार होताच, फक्त किस्से अर्धे करून ऐकायचे.

आता कॉन्कर्डकर तुमचा दुसरा प्रश्न. ऑक्टोबर १९८३, तुमच्याच शार्लटला रिचर्ड पेटी जिंकला. किंग म्हणतात ना तोच. नंतर तपासलं तर इंजिन निघालं जवळजवळ ३८२ घन इंचाचं, मर्यादा ३५८. वर डाव्या बाजूचे मऊ टायर उजव्या बाजूला लावलेले. म्हणजे एक नाही दोन पकडले. शिक्षा काय तर ३५,००० डॉलर दंड, तेव्हाचा सगळ्यात मोठा, आणि १०४ पॉइंट कापले. विजय? तो राहिला. त्याच्या २०० विजयांतला १९८ वा तो हाच. कारण नॅस्कारचं म्हणणं असायचं की स्टँडमधला माणूस घरी जाताना कोण जिंकलं ते नक्की माहीत घेऊन गेला पाहिजे, मंगळवारी पेपरात निकाल बदललेला दिसला तर तो परत तिकीट काढणार नाही. धंद्याचं गणित आहे, नैतिकतेचं काय घेऊन बसलात.

कॉन्कर्डकर
१.८ गॅलन!! उद्या ऑफिसात हे सांगितलं तर मला जेवायला कोणी बरोबर घेणार नाही 😂 पण मूळ प्रश्न तसाच आहे, रिचमंडवर एवढे का चिडतात?

पिटलेन_पौर्णिमा
कारण तिथे गाडीला काही केलंच नव्हतं, रेसला केलं. बघा, ७ सप्टेंबर २०१३, प्लेऑफच्या, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या शेवटच्या टप्प्याच्या, आधीची शेवटची रेस. रायन न्यूमन पुढे आहे, ७ लॅप राहिलेत, तो जिंकला तर आत आणि मार्टिन ट्रुएक्स बाहेर. ट्रुएक्सच्याच टीमचा, म्हणजे मायकेल वॉल्ट्रिप रेसिंगचा, क्लिंट बोयर ट्रॅकवर आहे. त्याचा क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या टीमचा प्रमुख, रेडिओवर विचारतो हात दुखायला लागलाय का, आत गरम होत असेल ना, खाजव. आणि पुढच्या क्षणाला बोयरची गाडी आपोआप गिरकी घेते. पिवळा झेंडा म्हणजे सगळ्यांनी हळू व्हायचं, सगळे पिटमध्ये टायर-पेट्रोलला, न्यूमनची आघाडी गेली. एवढ्यावर भागलं नाही, त्यांचा मॅनेजर टाय नॉरिस ब्रायन व्हिकर्सला चालू रेसमध्ये पिटला ये म्हणतो आणि व्हिकर्स बिचारा रेडिओवर गोंधळून का म्हणून विचारतोय. ते रेकॉर्डिंग ऐका, नाटक करायचंय हे एका नटाला सांगायचंच राहून गेलं होतं.

नॅस्कारने ३ लाख डॉलर दंड केला, नॉरिसला बेमुदत बाहेर, ट्रुएक्स प्लेऑफमधून बाहेर न्यूमन आत, आणि चार दिवसांनी जेफ गॉर्डनला तेरावा म्हणून घेतलं, बारा जणांच्या प्लेऑफमध्ये तेरावा! बोयरने मुद्दाम केलं हे सिद्ध करता येत नाही असं नॅस्कारच म्हणालं, शिक्षा बसली ती नॉरिसने व्हिकर्सला जे सांगितलं त्याच्यावर. वर्षाअखेर नापा हा मोठा स्पॉन्सर सोडून गेला, २०१५ नंतर टीमच बंद. आणि ज्याने काहीच केलं नव्हतं त्या ट्रुएक्सची सीट गेली. २०१७ ला तो दुसऱ्या टीमकडून चॅम्पियन झाला, तेव्हा मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या घरात.

तुम्ही एफवनवाले, तुम्हाला २००८ चं सिंगापूर आठवत असेल, रेनोच्या पिकेने टीममेटला फायदा व्हावा म्हणून मुद्दाम भिंतीला ठोकली ती. नंतर तोच पिके ज्युनियर नॅस्कारच्या ट्रक सिरीजमध्ये आला होता 🙂

मार्टिन्सव्हिल २०२४ पण तीच जात. बायरनला फायनलमधली जागा राखता यावी म्हणून डिलन आणि चॅस्टेन त्याच्यामागे दोघे शेजारी शेजारी भिंत करून चाललेत, तिकडे बबा वॉलेस टायर गेल्याचं सांगून हळू होतो म्हणजे त्याच जागेसाठी झगडणाऱ्या बेलला एक पॉइंट मिळेल. तिन्ही टीम आणि तिन्ही ड्रायव्हर प्रत्येकी १ लाख डॉलर आणि ५० पॉइंट. गाडीत पाईप लपवला तरी तुम्ही जिंकायलाच पळता. इथे मागची गाडी पुढच्यासाठी पळत नाही, मग आम्ही तिकीट कशाचं काढतोय?

स्पष्टच_बोलतो
ताई तुमचं पटलं, पण गाडीतली चोरी म्हणजे गोड आणि रेसमधली कडू हे मला मान्य नाही. स्मोकी मजेदार वाटतो कारण तो साठ वर्षांपूर्वीचा आहे. डॅरेल वॉल्ट्रिपचं काय? किमान वजन रेसच्या आधी मोजायचे, म्हणून त्याआधीच गाडीच्या फ्रेममध्ये शिशाचे छर्रे भरायचे आणि हळू लॅप चालू असताना खटका ओढून ते ट्रॅकवर सांडायचे. त्याने स्वतः हसत हसत सांगितलंय. मागून येणाऱ्यांच्या टायरखाली काय येतंय ह्याचा विचार कोणी केला?

आणि निकाल कधीच बदलत नव्हते हे पण अर्धसत्य. अगदी पहिलीच रेस घ्या, जून १९४९, शार्लट, ग्लेन डनवे पहिला आला. त्याची फोर्ड दारू पोचवायची गाडी होती, मागच्या स्प्रिंगांना पाचर मारून कडक केलेल्या. बाद केला, दुसऱ्या नंबरच्या जिम रोपरला विजय दिला. गाडीमालकाने १०,००० डॉलरचा दावा लावला, तो कोर्टाने फेटाळला. १९६० ला एमॅन्युएल झर्व्हाकिसला मोठ्या टाकीसाठी बाद केला. त्यानंतर थेट २०२२! मधली बासष्ट वर्षं सगळे काय साधू झाले होते? पेटी किंग होता म्हणून चाललं हो, नवखा पोरगा असता तर बघितलं असतं.

डावीकडेच_वळा
नवखा असता तरी विजय राहिला असता, त्या काळात पद्धतच ती होती. पण २०२२ चं पोकोनो ऐका मजा येईल. २०१९ मध्ये नॅस्कारने जाहीर केलं की आता तपासणी ट्रॅकवरच, लगेच, आणि सापडलास तर विजय गेला. जुलै २०२२ ला डेनी हॅमलिन पहिला, टीममधलाच काइल बुश दुसरा, दोघेही बाद. कारण काय? पुढच्या बंपरच्या कोपऱ्यावर, स्टिकरच्या खाली, पारदर्शक विनाइलची एक पट्टी, २ इंच रुंद, साडेपाच इंच लांब, जाडी इंचाच्या हजारातले १२ भाग. नखाने खरवडून शोधावी लागेल अशी. विजय गेला तिसऱ्या आलेल्या चेस एलियटकडे, ज्याने एक लॅपसुद्धा आघाडी घेतली नव्हती. आणि टीमने अपील पण केलं नाही.

गॅरेजवाला_सांगली
पट्टीवरून विजय जातो कारण २०२२ पासून गाडीच बदलली ना. नेक्स्ट जेन गाडीचे बहुतेक पार्ट एकाच ठरलेल्या सप्लायरकडून घ्यायचे, जसे आले तसे लावायचे, घासायचं नाही कापायचं नाही. पूर्वी तुम्ही पार्ट बनवायचात, त्यात डोकं चालवायला जागा होती. १९९७ ला गॉर्डनची टी-रेक्स गाडी शार्लटला ऑल-स्टार रेस आरामात जिंकली, सगळं नियमात, आणि नॅस्कारने सांगितलं ही परत आणू नका. आता तसं काही होणं शक्यच नाही. २०२३ ला स्ट्युअर्ट-हासने शार्लटला चेस ब्रिस्कोच्या गाडीखालच्या हवेच्या डक्टचा डुप्लिकेट पार्ट लावला, अडीच लाख डॉलर आणि १२० पॉइंट. ह्यात कसली कला, नकली माल लावलाय नुसता. म्हणून आमच्यासारखे जुने किस्से काढून बसतात.

आणि बाय द वे १९८२ ची डेटोना ५०० ज्या गाडीने जिंकली, बॉबी ॲलिसनची, तिचा मागचा बंपर सुरुवातीलाच निखळून पडला आणि त्यानंतर ती जास्तच पळायला लागली. मुद्दाम सैल लावला होता असा आरोप झाला, टीमने नाकारला. क्रू चीफ होता गॅरी नेल्सन. पुढे नॅस्कारने त्याच नेल्सनला नियम सांभाळायला बसवलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

कॉन्कर्डकर
भारी. म्हणजे आता नवीन काही जुगाड शिल्लकच नाही का?

पिटलेन_पौर्णिमा
आहे की. फेब्रुवारी २०२४, अटलांटा, क्वालिफाइंग. जोई लोगानोच्या डाव्या हातमोज्यात अंगठा आणि बोटाच्या मध्ये बदकाच्या पायासारखा पडदा शिवलेला. खिडकीपाशी हात धरला की आत येणारी हवा अडते. १०,००० डॉलर दंड आणि रेस शेवटून सुरू. पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरला शार्लट रोव्हलला लोगानो प्लेऑफमधून बाहेर पडला होता, पण रात्री तपासणीत ॲलेक्स बोमनची गाडी कमी वजनाची निघाली, बोमन बाद, लोगानो आत. नोव्हेंबरला फिनिक्समध्ये हातमोजेवालाच चॅम्पियन.

स्पष्टच_बोलतो
आणि बोमनच्या वजनाचा किस्सा सांगायला कोणी आजोबा तयार नाहीत, बघा.