गुडघे सांभाळून गच्चीवरची बाग कशी राखावी? मदत हवी आहे

सर्व ज्येष्ठ मित्रमैत्रिणींना सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या घराच्या गच्चीवर जास्वंद, कढीपत्ता, गवती चहा आणि तुळशीच्या कुंड्या आहेत. परंतु गुडघ्यांच्या संधिवातामुळे डॉक्टरांनी उकिडवे बसण्यास मनाई केल्यापासून त्यांची निगा राखणे अवघड झाले आहे. त्यातच जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले असून पाने चिकट झाली आहेत आणि खोडावर मुंग्यांची रांग लागलेली असते. ही पिठ्या ढेकूण नावाची कीडच असावी, जिने आपल्याकडील द्राक्ष बागायतदारही हैराण असतात. शेजारचे काका द्राक्षबागेतील औषध आणून देण्यास तयार आहेत. मात्र लगतचा कढीपत्ता रोज फोडणीत पडत असल्याने मला ते मुळीच मान्य नाही. सौभाग्यवती जास्वंद उपटायला सांगतात, आणि गणपतीला फूलही तिचेच हवे असते!

निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारताना प्रमाण किती ठेवावे आणि फवारणी किती दिवसांनी पुन्हा करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. तसेच उभ्यानेच काम करता यावे म्हणून कोणी कुंड्यांसाठी लोखंडी स्टँड करून घेतला असल्यास त्याची उंची किती ठेवली, हेही कळवावे.