बी विंगची लिफ्ट

सेक्रेटरी पाटील : सर्व सभासदांना नमस्कार. बी विंगच्या नव्या लिफ्टसाठी काल टाकलेल्या पोलचा निकाल – हो १९, नाही ३, मत न दिलेले ६. काम १ जूनला सुरू होईल, अंदाजे ३५ दिवस चालेल. ३० मेच्या आत ॲडव्हान्स दिला तर कंत्राटदार ६० हजार सूट देतोय. सबब विषय मंजूर. धन्यवाद 🙏

शिंदे वहिनी : भाऊ, साठे काकांचं काय? सातव्या मजल्यावरून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात ते.

सेक्रेटरी पाटील : वहिनी, कमिटीला जाणीव आहे. पण लिफ्ट २४ वर्षांची झाली. मार्चपासून चारदा अडकली, एकदा शाळेतून आलेली पोरं आत होती. २८ घरं बघायची की एक घर? पुष्कळांचं पुष्कळ सुख बघावं लागतं.

ऋचा ५०२ : काका, बेंथॅमला मध्ये आणलंच आहे तर नीट आणू या.

सेक्रेटरी पाटील : मी कुणाला आणलं? तो कोण, कंत्राटदार?

ऋचा ५०२ : 😄 जेरेमी बेंथॅम. इंग्लंडचा कायदेपंडित, १७४८ ते १८३२. ‘पुष्कळांचं पुष्कळ सुख’ हे उपयुक्ततावादाचं वाक्य त्याच्यामुळेच जगभर गेलं. ज्यानं एकूण सुख वाढतं आणि दुःख घटतं ते कृत्य योग्य, बाकी सगळं बाजूला, असं त्याचं म्हणणं. एमएला पूर्ण एक पेपर आहे यावर.

आदित्य ३०४ : हा तोच ना, ज्याचा सांगाडा कपडे घालून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बसवलाय? मी बघितलाय. डोकं मेणाचं आहे. मेल्यावरही आपण लोकांच्या उपयोगी पडावं अशी त्याची इच्छा होती म्हणे.

कदम एजन्सी १०१ : देवगड हापूस, शेवटच्या ८ पेट्या. पार्किंगमध्ये ठेवल्यात.

ऋचा ५०२ : हो, तोच. पण पाटील काका, तुमचा पोल आणि बेंथॅम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाचं ‘हो’ आणि सातव्या मजल्यावरच्या पेशंटचं ‘नाही’ सारखंच भरतं. बेंथॅम हात मोजत नाही, सुखदुःख मोजतो. १७८९च्या त्याच्या ग्रंथात मापं दिली आहेत – दुःख किती तीव्र, किती काळ टिकणार, होणार याची खात्री किती, किती लवकर होणार, त्यातून पुढे आणखी दुःख निघणार का, आणि किती जणांना होणार. आणखी एक धरून अशी एकूण सात. तुमच्या पोलनं त्यातलं शेवटचं एकच घेतलं.

सेक्रेटरी पाटील : मग आता प्रत्येकाच्या दारात जाऊन तीव्रता मोजू का? आधीच मेन्टेनन्स गोळा करता करता चपला झिजल्या.

शिंदे वहिनी : मोजायचंच तर मी मोजते. ३५ दिवस म्हणजे ५ आठवडे, १५ खेपा. मजल्याला १८ पायऱ्या, सात मजल्यांच्या १२६. उतरून चढून २५२. गुणिले १५. म्हणजे ३,७८०. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. माझा त्रास एवढाच की भाजीची पिशवी हातात येईल. मी ‘हो’ला मत दिलंय, आता लाज वाटतेय.

देशपांडे ए ४०१ : बी विंगच्या विषयावर ए विंगवाल्यांनी बोलावं का माहीत नाही, पण बेंथॅम हेच म्हणाला ना की प्रत्येकाला एक धरायचं, एकापेक्षा जास्त कुणालाही नाही? मग साठ्यांना जास्त का धरायचं?

ऋचा ५०२ : हे वाक्य त्याच्या नावावर जॉन स्टुअर्ट मिलनं दिलंय, बेंथॅमचा विचार पुढे नेणारा इंग्रज तत्त्वज्ञ. अर्थ असा की राजाचं डोकेदुखीचं दुःख आणि हमालाचं डोकेदुखीचं दुःख एकाच वजनाचं. त्या काळी हे म्हणायला हिंमत लागत होती. जनावरांबद्दलही त्यानं हेच लिहिलं – त्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का हा प्रश्नच नाही, त्यांना दुखतं का एवढा प्रश्न आहे. पण डोकेदुखी आणि डायलिसिस एकाच वजनाचं, असं तो कुठेच म्हणत नाही.

कदम एजन्सी १०१ : ६ पेट्या राहिल्या.

गोखले आजोबा : ऋचा, बाळ, छान लिहितेस. पण याचं उत्तर आपल्याकडे १९१५ सालीच छापून आलेलं आहे. टिळकांचं गीतारहस्य, चौथं प्रकरण, ‘आधिभौतिक सुखवाद’. मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीनं लिहिलेला ग्रंथ, आणि त्यात बेंथॅम-मिलच्या मंडळींना एकेक करून समोर बसवलंय. टिळक विचारतात, कौरवांचं सैन्य अकरा अक्षौहिणी, पांडवांचं सात. डोकीच मोजायची तर न्याय कुणाच्या बाजूला? दुसरा दाखला अमेरिकेतल्या ट्रामचा. गावात ट्राम यावी ही सगळ्यांच्या सोयीची गोष्ट. परवानगीला उशीर होतोय म्हणून व्यवस्थापकानं अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम झाली, लोकांचं सुख वाढलं, पण पुढे लाच उघडकीला आली आणि त्याच्यावर खटला झाला. नुसत्या परिणामावरून बरंवाईट ठरवायचं तर त्याला शिक्षा का? टिळकांचं म्हणणं, करणाऱ्याची बुद्धी बघावी लागते.

गोखले आजोबा : आता मला कमिटीला एक विचारायचं आहे. रागावू नका. १ जूनच का? पोरं अडकली म्हणून, की ६० हजारांसाठी?

सेक्रेटरी पाटील : आजोबा, तुम्ही आमच्या बुद्धीवर जाताय. ६० हजार माझ्या खिशात जाणार नाहीत, सोसायटीचेच वाचणार आहेत.

गोखले आजोबा : मी शंका घेत नाही, विचारतोय. पोरांसाठी असेल तर लिफ्ट आजच बंद व्हायला हवी. पैशांसाठी असेल तर ते तसं सांगायला हवं. दोन्हींसाठी असेल तरी सांगा. सुखाच्या नावावर कुणी काही खपवू लागलं की मी आधी तारीख बघतो.

निंबाळकर ६०२ : आजोबांनी बुद्धीचं काढलं. मी म्हणतो बुद्धी चांगली असूनही घोळ होतो. आमच्या इंदापूरची गोष्ट सांगतो. १८१८ला पेशवाई गेली, कंपनीचं राज्य आलं. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं शेतसाऱ्याची नवी मोजणी केली. हा कंपनीच्या हेलिबरी कॉलेजात शिकून आलेला. लंडनच्या कचेरीत तेव्हा जेम्स मिल बसायचा. तो बेंथॅमचा जवळचा मित्र आणि ऋचाच्या मिलचा बाप. यांचं तत्त्व असं की जमिनीच्या उत्पन्नातून खर्च वजा करायचा, जे निव्वळ उरेल त्याचा ठरावीक हिस्सा सरकारचा. प्रिंगलनं तो ५५ टक्के धरला. कागदावर शेतकऱ्याचंही भलं आणि सरकारचंही.

निंबाळकर ६०२ : प्रत्यक्षात काय झालं? जमिनीची प्रतवारी आणि पिकाचे आकडे खालच्या कारकुनांनी भरले. त्यात चुका, त्यात चिरीमिरी. शेतसाराच इतका बसला की लोक जमिनी टाकून गेले. शेवटी १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट आले, त्यांनी इंदापुरातच पुन्हा मोजणी केली आणि सारा खाली आणला. हिशेब करणारा हरामखोर नव्हता, पण ज्यांच्या सुखाचा हिशेब करत होता त्यांच्या बांधावर तो बसलेला नव्हता. धाकट्या मिलनंही १८२३ ते १८५८ अशी ३५ वर्षं कंपनीत नोकरी केली, आणि हिंदुस्थानात एकदाही आला नाही.

ऋचा ५०२ : हे भारी आहे, काका. यातलं प्रिंगलचं आमच्या नोट्समध्ये नाही.

निंबाळकर ६०२ : नोट्समध्ये कशाला असेल, आमच्या पणज्याच्या बापाच्या सातबाऱ्यात असेल.

सेक्रेटरी पाटील : तेव्हा सातबारा होता का?

निंबाळकर ६०२ : म्हणायची पद्धत हो.

आदित्य ३०४ : _हा मेसेज डिलीट केला आहे_

आदित्य ३०४ : सॉरी, चुकून गेला.

शिंदे वहिनी : काय होतं? मी अर्धाच वाचला.

देशपांडे ए ४०१ : बरं, मुद्द्यावर या. काम पुढे ढकललं तर पावसाळा मध्ये येतो, मग दिवाळी. कधी ना कधी ३५ दिवस लागणारच आहेत. आणि नवी लिफ्ट बसली की लिफ्ट इन्स्पेक्टरची परवानगी येईपर्यंतचे दिवस वेगळेच. शिवाय साठ्यांना नव्या लिफ्टची गरज सगळ्यांत जास्त. जुनी एखाद्या दिवशी पाचव्या मजल्यावर अडकली आणि आत तेच असले तर?

साठे काकू : नमस्कार. मी या ग्रुपवर आहे हो.

साठे काकू : सकाळपासून वाचतेय. आमच्याविषयीच चाललंय म्हणून मध्ये बोलले नाही. देशपांडे भाऊंचं बरोबर आहे. नवी लिफ्ट आम्हालाच सगळ्यांत आधी हवी आहे. ‘नाही’च्या तीन मतांत आमचं मत नाही. आम्ही मत दिलंच नव्हतं.

साठे काकू : आदित्य, डिलीट केलास तरी मी वाचलं होतं. पाच पेशंट, प्रत्येकाला एकेक अवयव हवा, शेजारच्या खोलीत एक धडधाकट माणूस. डॉक्टरनं त्या एकाला मारून पाच वाचवावेत का. हेच ना?

आदित्य ३०४ : काकू खरंच सॉरी. तत्त्वज्ञानात नेहमी देतात ते उदाहरण. माझ्या लक्षातच आलं नाही.

साठे काकू : अरे, राग नाही आला. हे तीन वर्षं किडनीच्या यादीत आहेत, त्यामुळे आमच्या घरी असल्या उदाहरणावर बरंच बोलणं होतं. कुणाची तरी काढून आपल्याला मिळावी असं वाटत नाही, पण फोन वाजला की वाटतं कुणाची तरी मिळाली असेल. म्हणजे कुणाच्या तरी घरी त्या दिवशी काय झालं असेल. ते मनात येतंच, नाही असं नाही.

साठे काकू : त्या यादीतही गणितच आहे. डायलिसिसवर किती महिने काढले त्याचे गुण, लहान मुलांना जास्तीचे गुण, पूर्वी स्वतःची किडनी कुणाला दिलेली असेल तर त्याचेही गुण. नुसता फायदाच बघायचा तर दर वेळी सगळ्यांत तरुण माणसाला द्यावी, त्याला ती जास्त वर्षं पुरेल. तसं करत नाहीत. थांबलेल्याचं थांबणंही धरतात. आमचा नंबर मागे गेला तरी आम्ही भांडत नाही, कारण मोजायचं कसं ते आधी सांगितलेलं असतं. इथं पोल आला रात्री साडेदहाला, हे झोपले होते, आणि सकाळी निकाल.

सेक्रेटरी पाटील : वहिनी, चूक झाली. तुमच्याकडे वर येऊन विचारायला हवं होतं. पोल टाकणं सोपं पडलं.

साठे काकू : पायऱ्यांचं म्हणाल तर उतरणं जमेल. चढणं नाही. डायलिसिस करून आलं की बीपी खाली आलेलं असतं, पाय लटपटतात. रिक्षातून उतरून लिफ्टपर्यंत येतानाच दोनदा टेकतात.

निंबाळकर ६०२ : मी आणि आदित्य खुर्चीत बसवून आणू. गावाकडे असंच आणतात.

साठे काकू : १५ वेळा, सात मजले? तुमच्या कंबरा राहतील का भाऊ? आणि त्यांना ते आवडणार नाही, मला माहीत आहे.

शिंदे वहिनी : एक मिनिट. गच्ची दोन्ही विंगची एकच आहे ना? ए विंगच्या लिफ्टनं सातव्यावर, तिथून एक जिना वर, गच्चीवरून पलीकडे, एक जिना खाली की काकांचा दरवाजा. १८ वर, १८ खाली. मध्ये सपाट.

देशपांडे ए ४०१ : ए विंगच्या लिफ्टवर किती लोड येईल? बी विंगची २८ घरं असा शॉर्टकट करायला लागली तर आमची लिफ्टही जाईल. आणि गच्चीला कुलूप का लावलं ते आठवा. वाढदिवसाच्या पार्ट्या, बाटल्या.

ऋचा ५०२ : २८ घरांसाठी नको ना काका. एका घरासाठी. आठवड्यातून तीन दिवस, जाता-येता.

देशपांडे ए ४०१ : एका घराला माझी काय हरकत असणार? मला फक्त असं लेखी हवं आहे की इतर कुणी वापरणार नाही. नाहीतर उद्या सामान चढवणारे येतील.

गोखले आजोबा : देशपांडे, लेखी मी देतो. मी पाचव्यावर राहतो, ३५ दिवस खाली उतरणार नाही. तसंही कुठे जायचंय.

सेक्रेटरी पाटील : मग असं करू या का, गच्चीच्या पर्यायावर एक पोल टाकतो...

शिंदे वहिनी : भाऊ!

सेक्रेटरी पाटील : बरं बरं. नाही टाकत.

सेक्रेटरी पाटील : साठे वहिनी, तुम्ही सांगा. तुम्ही नको म्हणालात तर १ जूनची तारीख मी कंत्राटदाराशी पुन्हा बोलतो, सूट गेली तर गेली. आजोबांनी विचारलं म्हणून सांगतो, तारीख सूटवरूनच ठरली होती.

साठे काकू : थांबा, ह्यांना विचारते.

कदम एजन्सी १०१ : पेट्या संपल्या. धन्यवाद.

साठे काकू : हे म्हणतात, एकदा जुनी लिफ्ट चालू असतानाच गच्चीवरून जाऊन बघतो, गुरुवारी, येताना. अंगात काही नसतं तेव्हाच कळेल. जमलं तर १ जून. नाही जमलं तर मात्र तारीख बदला, आणि मग हिशेब घालू नका. मध्ये जिन्याच्या वर एक खुर्ची ठेवा म्हणाले. गच्चीची किल्ली कुणाकडे असते?

सेक्रेटरी पाटील : एक माझ्याकडे. दुसरी वॉचमनकडे होती, ती हरवली. संध्याकाळी आणून देतो.

शिंदे वहिनी : गच्चीच्या शेवटच्या जिन्यावरचा दिवा लागत नाही. दोन महिने झाले.

सेक्रेटरी पाटील : आजच बदलतो. बल्ब माझ्याकडे आहे.

निंबाळकर ६०२ : बल्बचं नाही हो, होल्डर गेलाय. इलेक्ट्रिशियन आणा.