दात दिले एनडीपीनं, मतं नेली लिबरलांनी

स्कारबरोकर:
काल मित्राच्या घरी जेवताना परत तोच वाद झाला, लिबरलांना साथ देऊन आपल्या डाव्या एनडीपीचं (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) नुकसान झालं का हा, म्हणून इथे टाकतोय. २०२१ ला कॅनडाच्या संसदेत एनडीपीचे २५ खासदार होते, एप्रिल २०२५ ला ७ उरले, १२ च्या खाली गेल्यामुळे संसदेतला अधिकृत पक्षाचा दर्जा पण गेला आणि पक्षाचे नेते जगमीत सिंग स्वतः बर्नबीत पडले. माझ्या मते ही माती मार्च २०२२ मध्येच खाल्ली, ट्रुडोंचं अल्पमतातलं लिबरल सरकार टिकवायचा करार केला तेव्हा. आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू कित्येक महिने दाढेखाली लवंग धरून बसायच्या, रूट कॅनल पुण्याला गेल्यावरच करणार म्हणायच्या (इथले रेट बघून आपण सगळेच तसं करतो!), मग ती सरकारी डेंटल योजना आली आणि इथेच काम झालं. योजना कुणी भांडून आणली? एनडीपीने. काकूंनी मत कुणाला दिलं? लिबरलांना, "कार्डावर सरकारचं नाव आहे ना" म्हणून.

विनिपेगची_ताई:
अहो मग काकूंची दाढ तर वाचली ना! नव्वद हजार डॉलरच्या आत घरचं उत्पन्न आणि खासगी विमा नाही, अशांना दातांचा इलाज मिळायला लागला, आणि तुम्हाला पक्षाला काय मिळालं ह्याची काळजी. टॉमी डग्लसच्या पक्षाने, म्हणजे एनडीपीच्याच आधीच्या अवताराने, १९६२ ला सस्कॅचेवान प्रांतात सरकारी आरोग्य विमा आणला तेव्हा डॉक्टर २३ दिवस संपावर गेले होते, मग १९६४ ला तिथली सत्ताही गेली, पण विमा आख्ख्या देशात पसरला. इथल्या डाव्यांचं हे असंच चालत आलंय, आपण शिजवायचं आणि दुसऱ्याने वाढायचं. शिवाय मागच्या खेपेला ट्रम्प ५१ वं राज्य करतो म्हणत होता, लोकांनी घाबरून लिबरलांच्या कार्नींना मत दिलं, त्यात कराराचा काय दोष?

स्कारबरोकर:
ताई, ट्रम्पला घाबरून गेलेली मतं लिबरलांकडे गेली हे मान्य. पण विंडसर वेस्टची जागा कुणी नेली? कन्झर्व्हेटिव्हनी! गाड्यांच्या कारखान्यांचं गाव, २००२ पासून एनडीपीकडे होतं. इथल्या ऑन्टारियोतलं लंडन-फॅनशॉ पण तसंच गेलं. कामगार उजवीकडे जातोय आणि आपण डेंटल डेंटल करत बसलोय.

गणिताचा_मास्तर:
मध्येच बोलतो. एनडीपीला ६.३ टक्के मतं, जागा ७. ब्लॉक केबेक्वाला पण साधारण ६.३ च टक्के, जागा २२, कारण त्यांची सगळी मतं एकाच क्यूबेक प्रांतात. मतांच्या प्रमाणात जागा असत्या तर एनडीपीला ३४३ पैकी वीसेक मिळाल्या असत्या. ट्रुडो २०१५ ला म्हणाले होते की आत्ताची निवडणूक पद्धत बदलू, मग २०१७ ला विसरले. करार करताना एनडीपीने हे मागायला हवं होतं, दाढेआधी.

विनिपेगची_ताई:
मास्तर, ते लिबरलांनी कधीच दिलं नसतं. आणि स्कारबरोकर, कामगार गेला म्हणता, मग आमच्या मॅनिटोबात वॉब किन्यू २०२३ ला प्रांताची निवडणूक कसे जिंकले? तेही एनडीपीचेच.

स्कारबरोकर:
प्रांतात जिंकतात कारण तिथे सत्ता स्वतःची असते, दुसऱ्याची पालखी उचलत नाहीत. करारातून आणलेल्या त्या दुसऱ्या कायद्याचं बघा, संपाच्या वेळी बदली कामगार आणायचे नाहीत हा. जून २०२५ ला लागू झाला, आणि ऑगस्टमध्ये एअर कॅनडाच्या दहा हजार फ्लाइट अटेंडंट्स संपावर गेल्या, प्रवासी विमानात चढत असताना जे काम करतात त्याचे पैसे द्या म्हणून, तर संप सुरू होऊन बारा तास व्हायच्या आत लिबरल मंत्रीणबाईंनी कामगार कायद्यातलं कलम १०७ काढून कामावर जायचा आदेश दिला. युनियनने आदेश धुडकावला आणि तीन-चार दिवसांत करार पदरात पाडून घेतला. त्यात संसदेतल्या सात जणांचा काय हात होता सांगा.

विनिपेगची_ताई:
हात नव्हता, बरोबर. पण १९१९ ला आमच्या विनिपेगमध्ये तीस हजार लोक संपावर होते, रस्ता त्यांच्या हातात होता, संसदेत मात्र कुणी नव्हतं, तर घोड्यावरच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्या संपात अटक झालेला वूड्सवर्थ दोनच वर्षांत निवडून संसदेत गेला आणि म्हातारपणीच्या पेन्शनसाठी लिबरल पंतप्रधानाशी सौदा केला. स्वतःच्या आणि एका साथीदाराच्या, अशा दोन मतांवर! सात तर बरेच झाले.